सोबत भाकरी खाणारे

मानेसर,
६ जानेवारी २०२५

ती. काकांस,
सा. न.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुम्ही आधी लाल पेन शोधलं असणार. पण या वेळी चुका कमी निघतील, कारण पत्र दोनदा लिहून काढलंय. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपचं नाव काढलं की तुम्ही चष्मा काढून ठेवता. त्यामुळे चाळिशी उलटली तरी मी अजून तुम्हाला पत्र लिहिणारा विद्यार्थीच राहिलोय.

कामाचं आधी लिहितो. एक फेब्रुवारीला आमच्या कंपनीचा स्थापना दिवस आहे, पंचवीस वर्षं पूर्ण होतायत. एम.डी. साहेब स्वतः येणार आहेत आणि एच.आर.तर्फे पाच मिनिटं मी बोलायचंय. बाकीचे लोक नेटवरून काहीतरी उचलतात. मला जरा हटके पाहिजे. औशाहून मी दिल्लीला तुमच्याकडे नवीन आलो होतो तेव्हा तुम्ही दर रविवारी एक इंग्रजी शब्द घेऊन बसायचा. तो निघाला कुठून, वाटेत कुठे कुठे राहिला, आज कुठे पोचला. तसा एक शब्द मला द्या. 'कंपनी'. दिवसातून शंभर वेळा तोंडात येतो, पण मूळ काय ते ठाऊक नाही.

दुसरं म्हणजे तुमच्या विद्यार्थ्याचं, संग्रामचं काम झालं. आय.ए.एस.चे सगळे प्रयत्न संपलेला, गावी तोंड दाखवायला तयार नसलेला तेहेतीस वर्षांचा माणूस फॅक्टरीत लावायचा कुठे, हा प्रश्न होता. पण तुम्ही सांगितलंत म्हणजे विषय संपला. तपासणीच्या टेबलावर बसवलाय. तयार झालेला पार्ट बघायचा, खोट असेल तर बाजूला काढायचा. बसून काम. आता तो आमच्या कंपनीत आहे, काळजी करू नका.

शिवांगी आणि इशिता मजेत. काकूंना नमस्कार.

तुमचा,
यतीन


मयूर विहार,
१३ जानेवारी २०२५

चि. यतीन,
अनेक आशीर्वाद.

लाल पेन शोधलं होतं, कबूल. तीन चुका निघाल्या. दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या आहेत, त्या माफ. तिसरी 'हटके'. पण मी तरी कोणत्या तोंडाने बोलू? चाळीस वर्षं दिल्लीत काढून परवा मी भाजीवाल्याशी मराठीत भांडलो आणि घरी येऊन तुझ्या काकूशी हिंदीत.

आता तुझा शब्द. लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे भाकरी. आपण चहात बुडवतो तो पाव पोर्तुगिजांकडून आला, तो याच पानिसचा नातू. ज्याच्यासोबत बसून भाकरी खायची तो 'कंपॅनियन', आणि अशा एकत्र भाकरी खाणाऱ्यांचा मेळा ती 'कंपनी'. पुढे ती सैन्याची तुकडी झाली, मिळून व्यापार करणाऱ्यांची मंडळी झाली, त्यातल्याच एका मंडळीने आपल्यावर राज्य केलं, आणि फिरत फिरत ती मानेसरला येऊन पोचली. मुळात पैसा नव्हता, पाटी नव्हती, एम.डी. नव्हता. एक भाकरी होती आणि दोन माणसं.

आणखी एक गंमत तुझ्यापुरती सांगतो. इंग्रजीतला 'लॉर्ड' हा शब्द जुना आहे आणि त्याचा मूळ अर्थ भाकरीचा राखणदार. त्याच्या चाकराला त्या काळी म्हणत भाकरी खाणारा. हे भाषणात घालू नकोस, तुझ्या साहेबांना आवडायचं नाही.

खरं तर तुला हा शब्द विचारायची गरजच नव्हती. तू सोळा वर्षांचा, दादा जाऊन महिनाही झाला नव्हता. ज्वारीचं पीठ तेव्हा दिल्लीत सहज मिळायचं नाही, गावाहून आणलेलं पुरवून पुरवून वापरायचो. तू आलास त्या दिवशी वृंदाने शेवटची भाकरी मोडून तीन तुकडे केले आणि पहिला तुला दिला. त्यानंतर सहा वर्षं आपल्या घरात शेवटची भाकरी कुणी एकट्याने खाल्ली नाही. माझ्याकडे रविवारी निबंध दाखवायला येणारी परीक्षेची मुलं असतात, त्यांना मी अजून ही गोष्ट सांगतो. संग्रामलाही सांगितली होती. त्याला तू हात दिलास, मला फार बरं वाटलं.

काका

ता. क. संग्राम तुमच्या कंपनीत आहे म्हणजे पक्का की ठेकेदाराकडचा? तुझ्या पत्रातून काही कळत नाही. — वृंदाकाकू


मानेसर,
१० फेब्रुवारी २०२५

ती. काका,
सा. न.

भाषण एकदम हिट! 'एक भाकरी आणि दोन माणसं' म्हटल्यावर सातशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. एम.डी. साहेबांनी सगळ्यांसमोर हात मिळवला आणि विचारलं, यह कहाँ से लाए? मी म्हटलं, घर से, सर. आता कॅन्टीनच्या भिंतीवर हे भलंमोठं बोर्ड लागलंय: कंपनी, यानी साथ रोटी खाने वाले. त्याखाली जेवताना मला दर वेळी तुमची आठवण येते.

काकूंना सांगा, संग्राम सध्या ठेकेदाराच्या नावावर आहे. सुरुवातीला सगळेच असतात, एक-दोन वर्षांत बघू. पण आमच्या कॅन्टीनमध्ये भेद नाही बरं का. गेटवर ठेकेदार आपल्या माणसांची हजेरी आपल्या वहीत लिहितो, ते त्याचं तो बघतो. जेवणाच्या दारात मात्र सगळ्यांना एकच मशीन. पक्का असो की ठेक्यावरचा, अंगठा लावला की ताट. चहालासुद्धा अंगठा. प्रत्येक ताटाचा नंबर, नाव, वेळ, सगळं त्यात राहतं. आधी ठेक्यावरच्या लोकांना मागच्या खिडकीतून पाकीट मिळायचं. ते बंद करून हे मशीन तीन वर्षांपूर्वी मीच आणलं. तुमच्या घरात वाढल्याचा एवढा तरी उपयोग.

इशिताची बारावीची परीक्षा आली. शिवांगी तिच्यापेक्षा जास्त घाबरलीय.

तुमचा,
यतीन


मयूर विहार,
२ एप्रिल २०२५

चि. यतीन,

रविवारी दुपारी संग्राम आला होता. दोन शेअर ऑटो आणि दोन मेट्रो बदलून आला. वृंदाने पानं घेतली तर त्याने डावा हात पुढे केला. उजवा हात खिशात होता. तो बाहेर काढला तेव्हा कळलं की मधली तीन बोटं नाहीत. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली आहे.

त्याने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. बारा मार्च, बुधवार. होळी दोन दिवसांवर, माल पाठवायची घाई. सुपरवायझरने त्याला तपासणीच्या टेबलावरून उठवून पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर उभं केलं. हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर असतो म्हणे. तो सारखा मशीन थांबवतो म्हणून त्यावर टेप चिकटवली होती. अडीच वाजता त्याचा हात आत राहिला. ठेकेदाराच्या माणसांनी त्याला गाडीत घालून हायवेवरच्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये नेलं आणि दुकानाचं शटर हातावर पडलं असं लिहून घेतलं. दहा दिवसांनी तो गेटवर गेला तर वहीत एक मार्चपासून त्याचं नावच नाही. तू फेब्रुवारीतच काम सोडलंस, असं त्याच्या तोंडावर सांगितलं.

यतीन, तो काही फार मागत नाही. त्याचा हात या कारखान्यात गेला, एवढं कंपनीने लेखी कबूल करावं. ते झालं तर विम्यातून पुढचे उपचार होतील आणि एका हाताने जमेल असं काम त्याला मागता येईल. ते नसेल तर तो कोण, कुठला, त्याला काय झालं, याचा कुठेच पुरावा नाही.

आणि तेव्हा मला एकदम सुचलं. मी त्याला विचारलं, त्या दिवशी तू जेवलास का रे? तो म्हणाला, हो सर, बुधवार म्हणजे राजमा-भात. मी खुर्चीतून उठलोच. ठेकेदाराची वही ठेकेदारासारखीच बोलणार. पण तुझ्या मशीनमध्ये त्याचा अंगठा आहे! सकाळच्या चहाचा आहे आणि दुपारच्या ताटाचा आहे. अपघाताच्या दिवशी तो तुमच्यात बसून जेवला होता, हे दुसऱ्या कुणाला नाही तरी त्या मशीनला ठाऊक आहे. आयुष्यभर शब्दांची मुळं खणत बसलो, त्यातून कुणाचं काही भलं होईल असं पहिल्यांदा वाटलं. मला अक्षरशः रडू आलं.

माझी जुनी विद्यार्थिनी तनया आता कामगारांचे खटले चालवते. ती म्हणते, कामगार अधिकाऱ्यांकडे उद्याच अर्ज टाकू आणि मशीनची नोंद आधी ताब्यात घ्यायला लावू. मी तिला थांबवलंय. तू घरचा आहेस. घरच्या माणसाला आधी सांगायचं, बाहेर मग जायचं, ही आपल्याकडची रीत. तुझ्यापर्यंत हे पोचलंच नसणार, अशी माझी खात्री आहे.

काका


मानेसर,
९ एप्रिल २०२५

ती. काका,
सा. न.

पत्र वाचून हादरलो. प्रेस शॉप माझ्याकडे येत नाही, ठेकेदाराचं तर बिल्कुलच नाही. मला कुणी सांगितलं नाही. संग्रामला म्हणावं, धीर धर.

तनयाला मात्र चार आठवडे थांबायला सांगा. एकदा का सरकारी कागद आला की प्रकरण वकिलांच्या हातात जातं, आणि मग माझ्यासारख्याला कुणी विचारत नाही. मी आतून करून घेतो. तुम्ही मला फक्त नेमकं कळवा: चहा किती वाजता घेतला, जेवला किती वाजता, त्या वेळी सोबत कोण होतं, कुणी काही बघितलं का. म्हणजे नोंद शोधायला सोपं जाईल.

आणि हे मोबाइलवर कुणी कुणाला पाठवू नका. कंपनीच्या फोनमधलं सगळं आय.टी.वाले बघतात. पत्रच लिहा. पत्र कुणी बघत नाही.

जनरल मॅनेजरसाठी माझं नाव वर गेलंय. मे महिन्यात कळेल. अजून कुणाला बोललो नाही, तुम्हाला पहिल्यांदा सांगतोय.

तुमचा,
यतीन


मयूर विहार,
१५ एप्रिल २०२५

चि. यतीन,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि माझ्या जिवात जीव आला. जनरल मॅनेजर! दादा असता तर सगळ्या औशाला पेढे वाटले असते.

तू विचारलंस ते संग्रामला समोर बसवून लिहून घेतलंय. चहा दहा वाजून पाच मिनिटांनी. जेवण एकच्या सुमारास. रांगेत त्याच्या पुढे अंशुमन नावाचा ओडिशाचा माणूस होता, तोही ठेक्यावरचाच. दोघं एकाच टेबलावर बसले. शेवटची रोटी दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली, असं संग्राम म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. ती सवय इथली. अपघात झाला तेव्हा प्रेसचं बटण याच अंशुमनने बंद केलं. तो साक्ष द्यायला तयार आहे. आहे कुठे तो, तर तुमच्याच प्रेस शॉपमध्ये. त्याला जरा सांभाळून घे.

तनया माझ्यावर चिडलीय. म्हणते, सर, समोरच्या पार्टीला कोणी साक्षीदाराचं नाव देतं का? मी म्हटलं, समोरची पार्टी कुठली, माझा पुतण्या आहे तो. ती फाइल उचलून गेली. हल्लीच्या मुलांना कुणावर विश्वास टाकायची सवयच उरलेली नाही.

चार आठवडे थांबतो. तू म्हणालास म्हणजे झालं.

काका

ता. क. यतीन, तू यात आहेस की नाहीस, एवढं एका ओळीत लिहून पाठव. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात संग्रामचा हात कसा आहे, हे तू कुठेही विचारलेलं नाहीस. — वृंदाकाकू


मयूर विहार,
२४ जून २०२५

यतीन,

काकूच्या एका ओळीचं उत्तर आलं नाही. चार आठवड्यांचे सहा होत आले तेव्हा तनयाने मला न विचारता अर्ज टाकला. बरं केलं. काल अधिकाऱ्यांसमोर सुनावणी झाली. मी गेलो होतो. एवढ्या उन्हात जाऊ नका म्हणून वृंदा मागे लागली होती, पण मला तुझ्या मशीनचा कागद स्वतः बघायचा होता.

कंपनीने बारा मार्चची कॅन्टीनची नोंद दिली. पानंच्या पानं. मी भिंग लावून वाचली. चहात संग्राम नाही. जेवणात, एक वाजून दोन मिनिटं, ताट क्रमांक दोनशे सतरा, अंशुमन. त्याच्यानंतर थेट दोनशे एकोणीस. तनयाने त्या जागेवर बोट ठेवलं. तुमचे वकील म्हणाले, मशीन कधी कधी नंबर गिळतं. अधिकारी भला माणूस आहे. म्हणाला, एका गाळलेल्या नंबरावर मी काय निकाल देऊ? आणखी काही असेल तर आणा.

आणखी काय असणार? अंशुमनला वीस एप्रिललाच कामावरून काढलं. फोन बंद. गावी गेला म्हणतात. पंधरा एप्रिलला मी तुला त्याचं नाव लिहिलं होतं.

संग्राम बाहेरच्या बाकावर बसला होता. त्याला सांगायला मला शब्द सापडेना. एवढे शब्द शिकवले मी लोकांना.

शेवटच्या पानावर कंपनीतर्फे सही आहे. 'य'ची शेपटी वर ओढू नकोस, म्हणून तुला लहानपणी पन्नास वेळा सांगितलं होतं. अजून ओढतोस.

सही तुझी आहे का? एवढंच विचारतो.

काका


गुरुग्राम,
३ जुलै २०२५

काका,

सही माझी आहे.

आता सगळं ऐका, कारण काकूंना एक ओळ हवी होती आणि हे एका ओळीत बसत नाही. दोनशे अठरा मी काढला. आय.टी.च्या माणसाला शेजारी बसवून, माझ्या लॉगिनवरून, अठरा एप्रिलला. चहाचाही काढला. अपघाताचं मला तेरा मार्चला सकाळीच कळलं होतं. पण मशीन कुणाच्याच डोक्यात नव्हतं. एम.डी.च्या नाही, ठेकेदाराच्या नाही, वकिलांच्याही नाही. तुमचं एप्रिलचं पत्र आलं नसतं तर तनयाने ती नोंद मागितली असती आणि ती जशीच्या तशी मिळाली असती. तुम्ही ते मला लिहून कळवलंत. वर साक्षीदार लिहून कळवलात. मी काय करावं अशी तुमची अपेक्षा होती?

तुमचं एप्रिलचं ते पहिलं पत्र वाचून मी दोन दिवस धड जेवलो नाही, हेही लिहून ठेवतो. तिसऱ्या दिवशी वर जाऊन सांगितलं. गप्प बसलो असतो आणि नंतर ती नोंद निघाली असती, तर पहिला प्रश्न आला असता, हा माणूस लावला कुणी? हे मशीन आणलं कुणी? दोन्हीचं उत्तर मी. वीस वर्षांची नोकरी एका राजमा-भातावर घालवायची? मे महिन्यात मी जनरल मॅनेजर झालो. तुम्ही अभिनंदन केलं नाहीत.

आणि ती शेवटची भाकरी आता पुरे करा. तुम्हाला ती फार प्रिय आहे, येईल त्याला सांगता. मी सोळा वर्षांचा होतो, काका. मला भूक लागायची. मला चार भाकरी हव्या असायच्या आणि मिळायचा एक तुकडा, आणि त्या तुकड्यासोबत तुमचं व्याख्यान. पहिला तुकडा यतीनला, हे पाहुण्यांना सांगितलं, सोसायटीत सांगितलं, तुमच्या विद्यार्थ्यांना सांगितलं. मला कधी विचारलंत की पोट भरलं का? 'लॉर्ड'चा अर्थ तुम्ही जानेवारीत लिहिलात, मला तो सोळाव्या वर्षीच कळला होता. तुमच्या घरात राखणदार तुम्ही होता आणि खाणारा मी. तेव्हाच ठरवलं होतं, मोठेपणी राखणदाराच्या बाजूला बसायचं. बसलोय.

शब्द कुठून आला याला कुणी विचारत नाही. आज तो कुणाच्या हातात आहे, तेवढंच चालतं. बोर्ड अजून कॅन्टीनमध्ये आहे. मी आता त्याखाली जेवत नाही. आमचं जेवण वर केबिनमध्ये येतं.

रागात लिहिलंय. वाचून फाडून टाका.

यतीन


मयूर विहार,
१५ जुलै २०२५

चि. यतीन,

तुझ्या पत्रात या वेळी एकही चूक नाही. रागात तू शुद्ध लिहितोस.

भाकरीचं तू लिहिलंस ते वृंदाला वाचून दाखवलं. तिचे पीठ मळणारे हात परातीतच थांबले. मग म्हणाली, पोर भुकेलं राहत होतं आणि मला कळलं नाही. मला आधी तुझा राग आला. मग लाज वाटली. तुझ्या भुकेची मी गोष्ट केली आणि ती गोष्ट सांगून मोठा झालो. त्याची मी तुझी माफी मागतो, अगदी मनापासून. पण तुझ्या त्या भुकेची भरपाई संग्रामच्या बोटांनी करायची नव्हती. त्याने तुझ्या ताटातलं काहीही घेतलं नव्हतं.

दोनशे अठरा माझ्यामुळे गेला, हेही खरं. तनया कानीकपाळी ओरडत होती आणि मी तिला घरच्या माणसावर विश्वास कसा ठेवावा ते शिकवत होतो. संग्रामला मी हे सगळं समोर बसवून सांगितलं. मला वाटलं होतं तो भांडेल, उठून जाईल. तो म्हणाला, सर, तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर मला झोप तरी लागली असती. वृंदाने त्याला चाररेघी वही आणून दिलीय. सकाळी डाव्या हाताने तो अक्षरं गिरवतो. ज्याचे निबंध मी सगळ्या मुलांना वाचून दाखवायचो, तो माणूस.

पत्र फाडून टाका, असं तू लिहिलंस. मी आजवर कुणाचं पत्र फाडलेलं नाही. दादाच्या तेराव्यानंतर तू औशाहून टाकलेलं पोस्टकार्डसुद्धा माझ्या ट्रंकेत आहे. आणि पत्र कुणी बघत नाही, हे तूच मला लिहिलं होतंस.

शुक्रवारी तुझी या वर्षातली चारही पत्रं मी पाकिटांसकट तनयाला दिली. संग्रामला तूच कामाला लावलंस ते जानेवारीचं, मशीन कसं चालतं ते सांगणारं फेब्रुवारीचं, वेळ आणि साक्षीदार विचारणारं एप्रिलचं, आणि हे शेवटचं. तिने काल ती अधिकाऱ्यांसमोर ठेवली. त्यांनी चारही वाचून घेतली आणि मला विचारलं, हे अक्षर तुम्ही ओळखता? मी म्हटलं, हो, मीच घोटून घेतलंय. तसं लिहून दिलं आणि खाली सही केली. पुढच्या तारखेला तुला बोलावणं येईल. नोकरीचं काय होईल ते मला माहीत नाही. इशिताचा विचार मनात आला नाही असं नाही. रोज येतो.

एप्रिलमध्ये तू घरचा म्हणून तुला आधी सांगितलं होतं. या वेळी पत्रं आधी दिली आणि तुला आज लिहितोय.

काका

ता. क. हल्ली ज्वारीचं पीठ कोपऱ्यावर मिळतं. भाकरी मी आता भरपूर करते, मोडून देत नाही. तुला ये म्हणते, आणि पोटभर जेव म्हणते. फक्त संग्राम आता आमच्याकडेच राहतो, आणि आपल्या घरी जेवायला सगळे एकदम बसतात, हे तुला माहीत आहे. — वृंदाकाकू